कवितेतून मिळणारा संदेश (गुण 2)

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न ठरलेला असतो. कविता कोणाचीही असो आणि कशावरही असो, तिच्याखाली कवीचं नाव, कवितेचा विषय, आवडण्याचं कारण असे मुद्दे येतात आणि त्यांच्या रांगेत एक मुद्दा हळूच येऊन बसतो: कवितेतून मिळणारा संदेश. गुण 2. मराठी माध्यमाच्या पोरांची ही हक्काची कमाई. व्याकरणात गुण जातात, निबंधात जातात, शुद्धलेखनात तर जातातच जातात. संदेशात सहसा जात नाहीत. कारण संदेश आधीच पाठ असतो. पावसाची कविता आली की निसर्गावर प्रेम करा. झाडाची आली की पर्यावरणाचं रक्षण करा. आईची आली की आईवडिलांची सेवा करा. आणि कविता अजिबातच कळली नाही तर माणुसकी जपा. एवढ्या चार वाक्यांवर बालकवींपासून आजच्या कवींपर्यंत सगळी मराठी कविता पोरं पार करतात, आणि तपासणाऱ्याला गुण कापायला जागा राहत नाही. माणुसकी जपू नका असं कुठल्या कवीनं म्हटलंय?

माझी नोकरी नगर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत झाली. नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर. पण जिभेला जुनं वळण पडलंय, ते आता बदलत नाही. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून मुलं यायची, त्यांत हिवरे बाजारची किंवा तिथं आजोळ असलेली एकदोन प्रत्येक वर्गात असायचीच. ही मुलं ओळखू यायची. त्यातल्या एकानं एकदा विरहिणीच्या कवितेखाली लिहिलं होतं, 'या कवितेतून आपल्याला पाण्याचा अपव्यय टाळण्याचा संदेश मिळतो.' मी बोलावून विचारलं, बाबा रे, यात पाणी कुठं आलं? तो शांतपणे म्हणाला, 'सर, ती बाई चार कडवी नुसती रडतीय.'

मी त्याला अर्धा गुण दिला. कविता वाचल्याचा.

गमतीची बाजू सोडली तर त्या पोराचं फारसं चुकलं नव्हतं. त्याला घरात, गावात, ग्रामसभेत जे ऐकू येत होतं त्याच कानांनी त्यानं कविता ऐकली. हिवरे बाजारात पाणी हा निसर्गवर्णनाचा विषय नाही, हिशेबाचा आहे. गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. वर्षाला साधारण चारशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तोही मनात आलं तर. पाऊसकाळ सरला की गावात पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पडला, किती मुरला, किती वाहून गेला. आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचं बाजूला काढायचं, मग उरलेल्यातलं सत्तर टक्के शेतीला द्यायचं आणि तीस टक्के पुढच्या वर्षासाठी जमिनीतच राहू द्यायचं. मग कोणी काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरतं. असल्या गावातलं पोर वर्गात बसलंय आणि मी रसाळ आवाजात पावसाची कविता म्हणतोय. सरी कोसळतायत, रान नाचतंय, मन चिंब झालंय. खिडकीबाहेर जुलैचं ऊन भाजतंय. मागच्या बाकावरून प्रश्न येतो, 'किती मिलिमीटर झाला असेल सर?'

वर्ग हसतो. मीही हसतो. पण एवढं कबूल केलंच पाहिजे की मराठी कवींच्या पावसाला माप नसतं. तो बहुधा कोकणातून निघतो, घाटमाथ्यावर रेंगाळतो, पुण्याच्या गॅलरीत चहाच्या कपाजवळ येऊन थांबतो आणि तिथून थेट पाठ्यपुस्तकात शिरतो. नगरपर्यंत फार थोडा येतो. म्हणून ना. धों. महानोर शिकवायला मिळाले की मला बरं वाटायचं. 1967 साली 'रानातल्या कविता' घेऊन आलेला हा माणूस पळसखेडला स्वतः शेती करत होता, आणि पाणी अडवण्याच्या कामात जन्मभर राहिला. त्यांच्या पावसामागे पेरणी केलेला माणूस उभा असतो, हे मुलांना मी सांगायच्या आधीच कळायचं. त्यांचा संदेश लिहायला मात्र पोरं अडखळायची. जी कविता आपली वाटली तिच्याखाली काय लिहायचं ते सुचत नाही, हे मी बऱ्याच वेळा पाहिलंय.

हे संदेशाचं वेड आपल्याकडे आलं कुठून? इसापनीतीच्या गोष्टीखाली 'तात्पर्य' छापायची जुनी रीत आहे. कोल्ह्याला द्राक्षं मिळाली नाहीत यापेक्षा खालच्या ओळीला वजन जास्त. पण आपल्या कीर्तनकारांनी या बाबतीत केवढी अक्कल दाखवली होती! नारदीय कीर्तनात निरूपण येतं पूर्वरंगात आणि आख्यान उत्तररंगात. म्हणजे उपदेश आधी. त्या वेळात म्हातारी मंडळी खांबाला टेकून डुलकी काढून घेतात, पोरं एकमेकांच्या खोड्या काढतात, बायका उद्याच्या भाजीचं बोलून घेतात. मग बुवा आख्यानाला लागले, हरिश्चंद्र डोंबाच्या घरी पाणी भरायला गेला, की मंडप ताठ होऊन बसतो. लोक घरी जातात ते हरिश्चंद्राला सोबत घेऊन. उपदेश मंडपात राहतो. ही व्यवस्था ज्यानं लावली त्याला माणूस कळला होता. आम्ही शाळेत ती उलटी केली. उसातून रस काढावा तसा कवितेतून संदेश काढायचा आणि चिपाड वहीत ठेवायचं, ते परीक्षेनंतर रद्दीत जातं. (हिवरे बाजारात उसाला बंदी आहे, हे इथं सहज आठवलं.)

यावर कोणी साने गुरुजींचं नाव घेईल, आणि ते घ्यायलाच हवं. शिकवण देणारं पुस्तक म्हटलं की मराठी माणसाचा हात 'श्यामची आई'कडे जातो. नाशिकच्या तुरुंगात 1933 च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत गुरुजींनी ते लिहून काढलं. पुस्तकात रात्री आहेत 42, आणि प्रत्येक रात्रीत आई काहीतरी शिकवते. मग गुरुजींनी तेच तर केलं, जे करू नका म्हणून मी सांगतोय? तसं नाही. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मारत मारत विहिरीकडे धाडते, ती रात्र आठवा. गुरुजी त्यात आईचं मन, श्यामची भीती, त्याचा राग, नंतरची आईची माया इतकी बारीक रंगवतात की 'भित्रेपणा सोडावा' हे वाक्य त्यापुढे पोरकट वाटतं. ते वाक्य आम्ही काढतो, कारण आम्हाला फळ्यावर काहीतरी लिहायचं असतं.

हाच उतारा मी वर्गात वाचून दाखवला तेव्हा झालेली चर्चा मला आवडली होती. भित्रेपणाचा विषय कोणी काढलाच नाही. सगळी चर्चा विहिरीवर. 'एवढं पाणी होतं विहिरीत? उडी मारण्याइतकं?' एका मुलीनं सांगितलं की तिच्या आजीला पोहता येत नाही, तिच्या गावात त्या पिढीच्या कोणाही बाईला येत नाही. कारण विहिरीत उतरायचं ते तळाशी वाटीनं पाणी भरायला. 'श्यामची आई आमच्या गावात असती तर तिनं श्यामला ढकलला असता कशात?' असं तिनं विचारलं. कोकणातल्या पालगडची आई आणि नगरची आजी अशा एका बाकावर बसल्या. त्या तासाला फळा कोराच राहिला.

हिवरे बाजारची त्या पिढीची हकिकत आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे, तरी थोडी सांगतो, कारण ती ठाऊक असण्याच्या तऱ्हेबद्दलच मला बोलायचंय. एके काळी सरकारी नोकराला शिक्षा म्हणून इथं बदली मिळायची. दारू, भांडणं, ओसाड डोंगर, दिवाळीनंतर कोरड्या पडणाऱ्या विहिरी. वनखात्यानं झाडं लावावीत आणि गावानं तोडावीत. ज्याला जमेल तो पुण्या-मुंबईला किंवा कुठंतरी मजुरीला. एके काळी गावाचं नाव होतं ते पैलवानांमुळे; पण पैलवानालाही खुराक लागतो, आणि खुराकाला दूध, दुधाला चारा, चाऱ्याला पाणी. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. क्रिकेट खेळणारा, एम.कॉम. झालेला तरुण. पुढे 1994 मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी ही पंचसूत्री. नंतर शेतीसाठी बोअरवेल न घेण्याचा नियम. डोंगरउतारावर समतल चर, ओढ्यावर बंधारे. 1995 साली 182 कुटुंबांपैकी 168 दारिद्र्यरेषेखाली होती. पंधरा वर्षांनी तीन उरली. पोपटरावांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली.

आता यात मराठीच्या मास्तरानं छाती फुगवावी असं काहीही नाही. हिवरे बाजार कवितेनं बदललेलं नाही. गाव सावरलं ते वाणिज्य शाखेच्या माणसानं, आणि सावरलं ते ताळेबंद मांडून, म्हणजे जमाखर्चानं. आम्ही कला शाखावाले मागाहून गेलो आणि त्यावर कविता केल्या. आदर्श गावावरच्या या कविता मी शाळेच्या हस्तलिखितासाठी ढिगानं तपासल्या आहेत. त्यात बंधाऱ्याशी शृंगारा जुळवलेला असतो आणि शेवटच्या कडव्यात संदेश असतो. त्यांच्याविषयी इथं अधिक न बोललेलं बरं.

पण मग कादंबरीचा उपयोग काय, हा प्रश्न उरतोच. तो मला सुटला, जेवढा सुटला तेवढा, व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त.

1955 सालची ही छोटीशी कादंबरी. माणदेश, म्हणजे आमच्यासारखाच पर्जन्यछायेतला मुलूख. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर राजाराम नावाचा कोवळा मास्तर येतो. शाळा बंद पडलेली. पोरं मेंढरांमागे. गावाचा म्हातारा कारभारी मास्तरला आधी जोखतो, मग जवळ करतो. मास्तर हळूहळू गावाचाच होऊन जातो. लोकांची कागदपत्रं वाचतो, भांडणं ऐकतो. मग त्याच्या मनात येतं की वाडीला तालीम हवी. अख्खी वाडी राबते, तालीम उभी राहते आणि उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. आणि नंतर पाऊस दडी मारतो. मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून निघतात, आणि ज्या मास्तरनं शाळा भरवली त्याच्या समोर पोरंच उरत नाहीत.

ती वर्गात वाचून दाखवायची माझी पद्धत अशी होती की तास संपायला पाच-सात मिनिटं उरली की पुस्तक उघडायचं. परीक्षेला नाही, गुण नाहीत, हे आधीच सांगायचं. परीक्षेला नाही म्हटल्यावर पोरं कशी ऐकतात ते ज्यानं शिकवलंय त्यालाच माहीत. सुरुवातीला पेंगतात. मग आनंदा रामोशी येतो. चोरी हा ज्याचा पिढीजात धंदा, पण मास्तरशी वागायला इमानी. इथं वर्ग जागा होतो. 'चोर असून इमानदार?' 'असतात असे.' 'तुला कसं माहीत?' 'आमच्या शेजारी आहे.' या रामोशाचा संदेश लिहायला सांगितला असता तर काय लिहिलं असतं पोरांनी? चोरी करू नये, हेच. आणि मग तो माणूस त्यांच्या हातून सुटला असता.

वाडी उठते तो शेवटचा भाग वाचून झाला त्या दिवशी वर्ग गप्प होता. मग हिवरे बाजारच्याच एका मुलानं हात वर केला.

'सर, मास्तरनं तालीम बांधली ना? मग बंधारा का नाही बांधला?'

मराठी समीक्षेत 'बनगरवाडी'वर बरंच लिहून झालंय. प्रादेशिकता, निवेदक, चित्रदर्शी शैली, व्यक्तिरेखा. पण हा प्रश्न तिथं कोणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. आणि हा प्रश्न कादंबरीच्या अगदी मर्मावर आहे. सगळ्या वाडीचे हात एकदा एकत्र आले होते. माती, दगड, लाकूड सगळं जमलं होतं. राजा दारात आला होता. आणि त्या ताकदीचं त्यांनी काय केलं, तर लाल मातीचा हौदा.

मग जे झालं त्यात माझा वाटा फक्त 'एकेकानं बोला' एवढाच. एक म्हणाला, त्यांना काय ठाऊक दुष्काळ येणार ते. दुसरा म्हणाला, माणदेशात राहून दुष्काळ ठाऊक नाही? तिसऱ्यानं सुचवलं की राजेसाहेब आले होते तेव्हाच अर्ज द्यायला पाहिजे होता, ओढ्यावर सिमेंटचा मंजूर करून घ्यायचा. (याच्या घरात पंचायत समितीचं वारं असणार.) एका पैलवानाच्या पोरानं तालमीची बाजू लावून धरली. आणि मग मधल्या ओळीतली, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, 'बंधाऱ्याला बोलावलं असतं तर कोणी आलं नसतं. तालमीला आले. आधी एकत्र यायला शिकावं लागतं.'

मुलगा म्हणाला, 'आमच्या गावातपण आधी लोक येत नव्हते म्हणे.'

'मग कसे आले?'

त्याला सांगता येईना. तो जन्मला तेव्हा डोंगर हिरवा होता. नळाला पाणी होतं. 2012-13 च्या दुष्काळात, जेव्हा सगळ्या जिल्ह्यात टँकर धावत होते, त्याच्या गावाला टँकर लागला नव्हता. त्याच्या दृष्टीनं गाव असंच असतं. कुऱ्हाडबंदी त्याला शाळेच्या प्रार्थनेइतकी पाठ होती आणि तेवढीच परकी.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. घरी जाऊन त्यानं आजोबांना विचारलं होतं, 'तुम्हीपण गाव सोडलं होतं का?' आजोबा आधी चिडले. मग बोलायला लागले ते रात्री उशिरापर्यंत बोलत राहिले. 1972 सालची खडी फोडायची कामं, सुकडी, तो परदेशातून आलेला लाल मिलो, भाकरी थापताना तुटायची ती. कुणाची जनावरं कुठं सोडून दिली. कोण परत आलं, कोण आलंच नाही. हे सगळं पोराच्या आईनंही पहिल्यांदाच ऐकलं. पोराचं म्हणणं असं, की आजोबांनी हे आधी कधी सांगितलं नाही कारण कोणी विचारलंच नव्हतं.

कादंबरीचा उपयोग तो हाच, एवढं मला त्या दिवशी पटलं. ताळेबंदात पाणी मोजता येतं, कोरड्या पडलेल्या वाडीतून शेवटचा माणूस निघताना कसं वाटतं ते त्यात मांडायला रकाना नाही. ज्यांनी ते भोगलं ते बोलत नाहीत, ज्यांनी भोगलं नाही त्यांना विचारायचं सुचत नाही. मधल्या जागेत माडगूळकर येऊन बसले आणि त्यांनी नातवाच्या तोंडी प्रश्न घातला. 'पाणी वाचवा' हा संदेश त्या पोराला बनगरवाडीकडून नको होता. तो त्याच्या गावच्या भिंतीवरच रंगवलेला होता.

भिंतीवरून आठवलं. हिवरे बाजार बघायला राज्यभरातून, परराज्यांतूनही माणसं येतात. सरपंच, ग्रामसेवक, अधिकारी, शाळांच्या सहली. यांना अभ्यासदौरे म्हणतात. आमच्या शाळेची सहलही जायची, त्यामुळे या दौऱ्यांचा मीही थोडा अभ्यास केलाय. गाडी थांबते. मंडळी उतरतात, टोप्या सारख्या करतात. स्वच्छ रस्ते, सारखी घरं, हिरवा डोंगर पाहून 'वा' म्हणतात. बंधाऱ्यावर फोटो होतो. मग सभागृहात माहिती सांगायला सुरुवात होते आणि दहाव्या मिनिटाला कोणीतरी पहिल्या रांगेतून म्हणतं, 'मुख्य मुद्दे सांगता का? लिहून घेतो.' मुद्दे सांगितले जातात. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी. वह्यांमध्ये एक, दोन, तीन असे आकडे पडतात. जेवण होतं. गाडी सुटते.

आणि मग परत गेल्यावर त्या गावच्या वेशीवर ऑइलपेंटनं पंचसूत्री रंगवली जाते. खाली शेळ्या चरत असतात.

मी हे टिंगल म्हणून सांगत नाही. त्या बिचाऱ्यांना शाळेत आम्हीच असं शिकवलंय. कवितेतून संदेश काढून घ्यायचा आणि कविता तिथंच ठेवून निघायचं. त्यांनी गावातून संदेश काढून घेतला आणि गाव तिथंच ठेवलं. त्या मुद्द्यांमध्ये जे नसतं ते किती आहे! चराईबंदीच्या दिवशी ज्याच्या घरी शेळ्याच शेळ्या होत्या तो काय म्हणाला असेल? दारूचा गुत्ता ज्याच्या पोटापाण्याचा होता त्याची समजूत कोणी घातली असेल? बोअर घ्यायला पैसा हाताशी असताना शेजाऱ्यासाठी थांबायचं, हे किती ग्रामसभांनंतर गळी उतरलं असेल? क्रिकेट खेळणाऱ्या पोरानं गावाच्या भानगडीत पडावं यावर घरात काय बोलणं झालं असेल? हे सगळं मिळून हिवरे बाजार होतं. हे लिहून घ्यायला वहीचं एक पान पुरत नाही. त्याला कादंबरी लागते, आणि ती अजून कोणी लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही. रंगनाथ पठाऱ्यांसारखे मोठे कादंबरीकार असलेल्या जिल्ह्यात ही जागा रिकामी असावी याची मला हळहळ वाटते.

नगर जिल्हा तसा या बाबतीत दरिद्री नाही. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याला सातशेहून जास्त वर्षं झाली. तिथल्या खांबाकडे बघून दुर्गाबाई भागवतांनी 'पैस' लिहिला. नगर शहरात रेव्हरंड टिळकांच्या घरी बालकवी ठोंबरे राहून गेले, आणि लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त त्यांचे रुसवेफुगवे असे काही लिहिलेत की निसर्गकवी म्हणून भिंतीवर टांगलेला तो माणूस एकदम स्वयंपाकघरात येऊन बसतो. 'स्मृतिचित्रे'त शिकण्यासारखं काय नाही! धर्मांतर, दारिद्र्य, नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा, पटकी-प्लेगची साथ. पण लक्ष्मीबाई कधी बोट वर करून सांगत नाहीत. हसतात आणि पुढं जातात. त्यांचा धडा नववीच्या मुलांना शिकवताना एका मुलीनं विचारलं होतं, 'सर, ह्यांना राग येत नव्हता का?' त्या प्रश्नावर आमचे दोन तास गेले. अभ्यासक्रम मागे पडला. पर्यवेक्षकांनी विचारलं, कुठं आहात? म्हटलं, लक्ष्मीबाईंना राग येत होता का इथं आहोत.

उलट बाजूचंही सांगायला हवं. साहित्य जीवन शिकवतं असं म्हणणारे आम्ही मास्तर जीवनात काही फार शिकलेले दिसत नाही. कुसुमाग्रजांच्या पूरग्रस्त विद्यार्थ्याची कविता शिकवताना डोळे पुसणारा मास्तर त्याच संध्याकाळी शिकवणीची फी चुकवणाऱ्याला दाराबाहेर उभा करू शकतो. असे मी पाहिलेत. 'कोसला' चार-चारदा वाचून लोक प्राचार्य होतात आणि पांडुरंग सांगवीकरासारख्या पोरांना हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू देत नाहीत. तेव्हा पुस्तक वाचलं की माणूस सुधारतो असा दावा करायचा असेल तर आधी मराठीच्या प्राध्यापकांची सभा पाहून यावं. पुस्तक काहीतरी देतं, पण ते कोणाला, कधी आणि काय देईल हे ना लेखकाच्या हातात असतं, ना मास्तरच्या. परीक्षेच्या तर नाहीच नाही. परीक्षेला मार्चमध्ये उत्तर हवं असतं.

तरीही संदेशाचा प्रश्न प्रश्नपत्रिकेतून काढून टाका असं माझं म्हणणं नाही. ते 2 गुण पोरांना मिळू देत. नापास होण्याच्या काठावरच्या कितीतरी जणांना माणुसकीनं तारलंय. माझी मागणी साधी आहे, आणि ती मंडळाकडे नाही, जे आज वर्गात उभे आहेत त्यांच्याकडे आहे. वर्षातून एक पुस्तक परीक्षेत नसलेलं घ्या. तासाची शेवटची पाच-सात मिनिटं त्याला द्या. मोठ्यानं वाचा, आवाज चांगला नसला तरी चालतं, माझाही नव्हता. वाचून झाल्यावर काही विचारू नका. पोरांनी विचारलं तर उत्तर देण्याची घाई करू नका. 'बनगरवाडी' पहिल्यांदा घ्यायला बरी, कारण ती छोटी आहे, वाचनालयात असते आणि सहसा कोणी नेलेली नसते. आणि बंधाऱ्याचा प्रश्न तुमच्या वर्गात कोणी काढलाच, तर मला जरूर कळवा. त्या पोराला अजून माझं उत्तर देऊन झालेलं नाही.